खालच्या मॅडमचं बेट

आमची मंगळागौर मे महिन्यात व्हायची. श्रावणाशी तिचा काही संबंध नव्हता. संबंध होता तो शाळेच्या सुट्टीशी. जून संपला की शारजातल्या यच्चयावत मराठी बायका मुलांना घेऊन विमानात बसायच्या, त्या सप्टेंबर उजाडल्यावरच परत. श्रावणात मागे उरायचे ते नुसते नवरे. त्यांना फुगड्या घालायला लावाव्यात असं आमच्या मंडळाच्या अध्यक्षीणबाईंच्या मनात येऊन गेलं असेलही, पण तेवढी हिंमत त्यांच्यातही नव्हती. म्हणून गौरीलाच आम्ही अडीच-तीन महिने आधी बोलावून घेत असू. तीही बिचारी यायची. तिला व्हिसा लागत नसे.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मी पस्तिशी ओलांडलेली, एका मुलीची आई, आणि स्वतःच्या हुशारीवर अतोनात खूश. आता नातवंडांची आजी झाल्यावर त्या बाईकडे बघते तेव्हा तिला समोरच्या खुर्चीत बसवून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पण ती ऐकायची नाही. मध्येच उठेल, पदर खोचेल आणि मलाच चार गोष्टी शिकवेल. ज्या विषयातलं काही कळत नाही त्या विषयात तर ती जास्तच शिकवायची.

मंगळागौरीची तालीम आमच्या हॉलमध्ये व्हायची, दर गुरुवारी संध्याकाळी. शुक्रवारी सगळ्यांना सुट्टी, म्हणून गुरुवार. आमच्याकडे का, तर बाकीच्यांनी डायनिंग टेबलं घेतली होती आणि आम्ही अजून जमिनीवर बसून जेवत होतो. सोफा भिंतीला लावला की हॉल मोकळा. फुगडी, झिम्मा, बसफुगडी, कोंबडा, सगळं दणक्यात. आणि दमलो की मुली असल्यासारख्या तळ्यात-मळ्यात. एकीने ओरडायचं ‘तळ्यात’ की बाकीच्यांनी रेघेच्या पुढे उडी मारायची, ‘मळ्यात’ म्हटलं की मागे. चुकली ती बाद. वजनदार बायका एकदम उड्या मारत तेव्हा शोकेसमधली काचेची बदकं थरथरायची.

थोड्या वेळाने खालून ठकठक यायची. खालच्या फ्लॅटमधल्या बाई झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या. आम्ही मिनिटभर चवड्यांवर नाचायचो, मग विसरायचो.

या बाई मूळच्या स्कॉटलंडच्या, एका शाळेत नर्स होत्या आणि एकट्याच राहायच्या. उंच, हाडापेराने मजबूत, साठीला आलेल्या, केस कापसासारखे. साऱ्या बिल्डिंगमध्ये त्यांना ‘खालच्या मॅडम’ म्हणायचे, अगदी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहणारेसुद्धा. स्कॉटलंडची बाई दुबई सोडून दारूबंदी असलेल्या शारजात का राहते, हा आमच्या ह्यांना पडलेला कायमचा प्रश्न होता.

एका गुरुवारी झाडू वाजला नाही. थेट बेल वाजली.

आता पोलीस येणार, नवऱ्याचा व्हिसा जाणार, असं सगळं माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. मी सगळ्या बायकांना बेडरूममध्ये कोंबलं, दार लोटलं आणि गरीब चेहरा करून पुढचं दार उघडलं. मॅडम उभ्या होत्या. मी त्यांना सांगितलं की घरात माझ्याशिवाय कोणी नाही. त्यांनी खाली बघितलं. लग्नाच्या कार्यालयाबाहेर असतो तसा चपलांचा ढीग दाराशी पडला होता. मग त्यांनी मला वरून खाली न्याहाळलं. नऊवारी, नथ, आणि कानामागून ओघळणारा घाम. तेवढ्यात बेडरूममधून कोणीतरी शिंकलं.

मॅडमना हसू आवरेना. त्या म्हणाल्या, गेले कित्येक गुरुवार माझा छताचा दिवा झोके घेतोय. वर हत्ती पाळला असेल तर मला निदान तो बघू दे. मग आत येऊन, बूट काढून, सोफ्यावर बसल्या. मी बेडरूमचं दार उघडलं आणि एकेक हत्ती बाहेर आला.

आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं. म्हणजे त्यांचं इंग्रजीत, माझं इंग्रजीच्या आसपास. अडलं की माझी दहा वर्षांची लेक मदतीला यायची. तिला मराठीत विचारलं तरी ती उत्तर इंग्रजीतच द्यायची, तेव्हा त्या कामाला ती जन्मतःच योग्य होती. हे खेळ कशासाठी, असं मॅडमनी विचारलं. नव्या नवरीच्या घरी देवीची पूजा असते, बायका जागरण करतात, जागं राहण्यासाठी खेळतात, वगैरे मी सांगितलं. इतक्या मोठ्या बायका बसून उड्या मारतात आणि एरवी गप्प असणाऱ्या तोंडाने गाणी म्हणतात, हे ऐकून त्यांनी बाह्या वर सरकवल्या. मग विचारलं, टॉवेल आहे का? मोठा. ओला करून आण.

मी अंघोळीचा टॉवेल भिजवून आणला. त्यांनी तो आमच्या टीपॉयवर गोल पसरला, आम्हा सहा-सात जणींना भोवती बसवलं, आणि कसलंसं गाणं म्हणत तो दोन्ही हातांनी आपटायला सुरुवात केली. एका तालात आपटायचा, डावीकडच्या बाईकडे सरकवायचा, पुन्हा आपटायचा. त्यांच्या बेटावर लोकरीचं कापड विणून झालं की ते घट्ट करायला बायका अशा फळीभोवती बसायच्या. एक जण गाणार, बाकीच्या ओढणार. गाण्यात कोणाचं कोणाशी जुळवायचं तेही असायचं, आणि ज्या मुलीचं नाव यायचं ती लाजून कापड जोरात आपटायची. आमचा हॉल पाण्याने भरला. मग त्यांनी सांगितलं की ते कापड मुरवायला बायका शिळं मूत्र वापरत. हे माझ्या लेकीने सोप्या इंग्रजीत फोडून सांगितल्यावर अध्यक्षीणबाईंनी टॉवेलवरचा हात इतक्या झटकन काढला की बांगडी फुटली.

तेव्हापासून मॅडम दर गुरुवारी वर यायला लागल्या. खाली कोणी उरलंच नाही, त्यामुळे झाडूही थांबला.

त्यांच्या बेटाचं नाव मी लिहीत नाही, कारण ते मला कधी धड उच्चारता आलं नाही. मी बेट म्हटलं की डोळ्यांपुढे नारळ आणायची. त्यांच्या बेटावर झाडच नव्हतं. एकही नाही. वारा झाडाला उभं राहूच द्यायचा नाही. घरांची छपरं गवताची, आणि ती उडू नयेत म्हणून त्यांवर दोर टाकून दोरांना दगड बांधलेले. पूर्वेला उतरतं हिरवं रान, मेंढ्या, दगडी कुंपणं, ती कोणी घातली ते आजोबांच्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं. आणि पश्चिमेला काळा कडा, समुद्रातून सरळ वर उठलेला, तासल्यासारखा. कड्याच्या फटीफटीत समुद्रपक्षी. उन्हाळ्यात इतके की दुरून खडकावर चुना फासल्यासारखा दिसे. पुरुष कमरेला दोर बांधून तो कडा उतरायचे, अंडी आणि पक्षी घेऊन वर यायचे. त्यांचे वडील उतरताना आई कधी कड्याकडे बघत नसे. ती घरात पीठ मळायची. पीठ जास्त मळलं गेलं म्हणजे वारा जास्त आहे हे मुलांना कळायचं.

खिडकीतला एसी घरघरत असायचा, बाहेर वाळू उडत असायची, आणि मी सोफ्यावर पाय घेऊन ऐकत बसायची. जळणाला लाकूड नाही म्हणून ते लोक जमिनीतली ओली काळी माती विटांसारखी कापून, वाळवून जाळत. हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे होडी येत नसे. मॅडम सात वर्षांच्या असताना बेटावर मोजकी घरं उरली होती. तरणी मुलं शहरांत आणि युद्धावर गेली होती, होडी ओढायला हात पुरेनात. मग एका उन्हाळ्यात सगळे एकदम निघाले. गाई होडीमागे दोराने बांधून पोहत नेल्या. निघायच्या सकाळी आईने घराची जमीन घासूनपुसून काढली. वडील म्हणाले, आता कोणासाठी? आईने कोपरे तेवढे पुन्हा पुसले.

त्यानंतर तिथे कोणी राहिलं नाही. आणि मॅडमचे पाय त्या जमिनीला पुन्हा लागले नव्हते.

त्या गेल्याच नव्हत्या असं नाही. उन्हाळ्यात शेजारच्या मोठ्या बेटावरून एक बोट पाहुण्यांना तिथे घेऊन जायची. तीन उन्हाळ्यांपूर्वी त्या तिकीट काढून गेल्या होत्या. पण या बेटाला धक्का नाही. एक उतरता खडक आहे, शेवाळलेला. लाट बोटीला वर उचलते, खाली सोडते. ती वर आली की त्या क्षणी उडी मारायची. सगळे उतरले. मॅडमची पाळी आली तेव्हा त्यांनी खाली, बोट आणि खडक यांच्या मधल्या काळ्या पाण्याकडे बघितलं आणि पाय हललाच नाही. बोटवाल्याने वाट बघितली, मग सोडून दिलं. बाकीचे बेट फिरून येईपर्यंत त्या बोटीत बसून राहिल्या. वर त्यांच्या घराची भिंत दिसत होती, धुराड्यासकट. समोर बसून त्यांनी सँडविच खाल्लं.

“त्या सँडविचमध्ये काय होतं ते अजून आठवतं मला,” त्या म्हणाल्या. “बाकी काही आठवत नाही.”

या जुलैला त्यांनी पुन्हा तिकीट काढलं होतं. शेवटचं, असं म्हणाल्या. गुडघे दरवर्षी थोडे थोडे रजेवर जात होते.

इथे शहाण्या बाईने काय करावं? हात हातात घ्यावा, चहा टाकावा. मी काय केलं? मी म्हणाले, एवढंच ना, मी शिकवते. आम्ही मूळचे कोकणातले.

यातलं प्रत्येक अक्षर खरं होतं. आमचे पूर्वज कोकणातून घाट चढून पुण्याला आले, तेव्हा पेशवाई जोरात होती. तेव्हापासून घराण्यातल्या कोणी समुद्राकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. तरी पुण्यातलं निम्मं शहर बोलता बोलता ‘आम्ही मूळचे कोकणातले’ म्हणतं, आणि ऐकणारा पुणेकर ते कुलदैवत सांगितल्यासारखं ऐकतो आणि सोडून देतो. स्कॉटलंडच्या बाईला हे कुठून कळणार? तिला वाटलं, ही होडीतच जन्मली. प्रत्यक्षात माझा समुद्राशी आलेला संबंध म्हणजे कॉलेजची अलिबागची सहल. लाँचमध्ये मी संपूर्ण वेळ मैत्रिणीच्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटून पडले होते, आणि उतरल्यावर मैत्रिणीने साडी बदलली होती.

ह्यांनी रात्री जेवताना एवढंच विचारलं, “अगं, तू पोहायला कधी शिकलीस?”

मी म्हटलं, उडी मारायची आहे, पोहायचं कुठे आहे?

हे शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका कारखान्यात इंजिनियर होते. त्यांचा माझ्यावर विश्वास नसला तरी यंत्रणेवर होता. दोन दिवसांनी ते गाडीच्या डिकीतून एक लाकडी पॅलेट आणि ट्रकच्या टायरच्या ट्यूबा घेऊन आले. ट्यूबा हवा भरून खाली, त्यावर पॅलेट. आमच्या हॉलमध्ये समुद्र आला. पॅलेटवर उभं राहिलं की ते चारही बाजूंना डुलायचं. समोर गादी टाकली, ती खडक. एका बाजूला हे पॅलेट दाबायचे आणि सोडायचे, ती लाट. मी शेवटी हुकूम सोडायची.

पहिल्या दिवशी मॅडम पॅलेटवर उभ्या राहिल्या आणि मी मोठ्या रुबाबात ‘मळ्यात’ म्हणून ओरडले. त्या तिथेच उभ्या. पुन्हा ओरडले. उभ्याच. त्या खाली बघत होत्या, गादी आणि पॅलेट यांच्या मधल्या फरशीकडे. फरशीवर पाणी नव्हतं, काळं तर काहीच नव्हतं, पण त्यांना ते दिसत होतं. शेवटी त्या पाय टेकवत हळूच उतरल्या, जिना उतरावा तसं. मला म्हणाल्या, तू करून दाखव.

मी काष्टा खोचला. पॅलेटवर चढले. ह्यांनी लाट जरा मन लावून दिली, आणि मी गादीवर पोटावर पडले.

“मम्मा, यू क्लोज्ड युअर आइज,” लेक म्हणाली.

मी म्हटलं, कोकणात असंच करतात, समुद्राला नमस्कार करून उतरतात. हे खोकत आत निघून गेले.

तरी आम्ही सोडलं नाही. गुरुवारी बायका यायच्या तेव्हा मॅडम मध्ये उभ्या राहून तळ्यात-मळ्यात खेळायच्या. जमिनीवर त्या कोणालाही हरवायच्या. बसफुगडीत तर अध्यक्षीणबाई आडव्या झाल्या आणि या उभ्या. गुडघ्यांना तेल लागल्यासारखं झालं, असं त्या स्वतःच सांगायच्या. पण पॅलेटवर चढल्या की पुन्हा तेच. पाय चांगले होते. नजर खाली जायची.

मे महिन्यात मंगळागौर झाली. मॅडमना मी माझी हिरवी नऊवारी नेसवली. ती त्यांच्या पोटरीपर्यंतच पोचली, त्यामुळे खाली त्यांचे पांढरे मोजे दिसत होते. अध्यक्षीणबाईंनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं की या सवाष्ण आहेत का, नियमाचं काय? मी म्हटलं, मे महिन्यात मंगळागौर करताना नियम आठवला नाही तो आताच कसा आठवला? बाई जरा विचारात पडल्या आणि मॅडमच्या कपाळाला स्वतःच कुंकू लावून आल्या. त्या दिवशी ओल्या टॉवेलचा खेळही झाला. टाळ्या सगळ्यांत जास्त त्याला पडल्या. मूत्राचं आम्ही कोणाला सांगितलं नाही.

जुलै तोंडावर आला आणि पॅलेटची आमची मात्रा चालेना. तेव्हा मला दुबईच्या खाडीतल्या अब्रा आठवल्या. अब्रा म्हणजे लाकडी होडी, इंजिनाची, वर ताडपत्रीचं छत, मधल्या बाकावर दोन्ही बाजूंना तोंड करून माणसं बसतात. पन्नास फिल्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या पाच रुपयांत, खाडीच्या एका काठच्या देराहून पलीकडच्या बर दुबईला. होडी धक्क्याला लागते न लागते तोच माणसं उड्या टाकतात. खरी होडी, खरं पाणी, आणि पाहिजे तितक्या उड्या. मी स्वतःवर इतकी खूश झाले की शुक्रवारी सकाळी खाडीवर जाताना अस्सल कोकणी दिसावं म्हणून नऊवारी नेसले. नथ घालू नकोस, असं ह्यांनी विनवलं तेव्हा तेवढी काढली.

शुक्रवारची सकाळ, उन्हाने पाणी चकाकत होतं. धक्क्याला माल लादलेली गलबतं, वर समुद्रपक्षी. मॅडम त्या पक्ष्यांकडे बघून म्हणाल्या, हे ओळखीचे आहेत. खाडीला वास होता डिझेलचा, मसाल्याचा आणि माशांचा. मला आतून मळमळत होतं. ते मी कोकणी चेहऱ्याखाली दाबून ठेवलं.

हे आणि लेक देराच्या धक्क्यावरच थांबले. पहिल्या फेरीला सगळे उतरले, आणि होडी धक्क्याला बांधली जाऊन शांत होईपर्यंत मॅडम बसून राहिल्या. मग उतरल्या. दुसऱ्या फेरीला तेच. तिसऱ्या फेरीला होडीवाला ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे चला, आटपा, करायला लागला. मी मॅडमना म्हटलं, तुमच्या खडकापाशी समुद्राला कोणी बांधून ठेवणार नाही. हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढच्या फेरीत मी ते पुन्हा म्हणाले. आणि म्हणाले, आता माझ्याकडे नीट बघा.

होडी धक्क्याजवळ आली. मी पदर खोचला, कडेला उभी राहिले, छताचा खांब एका हाताने धरला. आजूबाजूचे पठाण आणि बंगाली भाऊ सरकून वाट देत होते. नऊवारीतली बाई खाडीत त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. मी मनात ‘मळ्यात’ म्हटलं आणि उजवा पाय धक्क्यावर टाकला.

डावा पाय होडीतच राहिला. कारण मी खांब सोडला नव्हता. आणि होडी, तिचं काही चुकलं नाही, धक्क्याला आपटून सावकाश मागे निघाली.

पस्तिशीतल्या बाईचे पाय किती लांब होऊ शकतात ते मला त्या दिवशी कळलं. एक पाय तळ्यात, एक मळ्यात, मध्ये दुबईची खाडी. माझी डावी चप्पल पाण्यात पडली आणि तरंगत निघाली. होडीवाला ओरडत होता, हे धक्क्यावरून ओरडत होते, मी तोंड उघडलं होतं पण आवाज येत नव्हता. इतक्यात माझ्या शेजारून काहीतरी पांढरं सणकन गेलं. मॅडम. होडीच्या कडेवरून एका ढांगेत धक्क्यावर, वळल्या, माझा दंड आणि पदर एकत्र धरले आणि पोतं ओढावं तशी मला ओढून घेतलं. आम्ही दोघी धक्क्यावर बसलो. खरं तर पडलो. बसलो असं मी गेली कित्येक वर्षं सांगते आहे.

मॅडमनी मागे वळून बघितलं. होडी पार दूर गेली होती. मध्ये भरपूर पाणी होतं. मग त्यांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे.

“मी बसले होते ना?” त्या म्हणाल्या.

हसायला सुरुवात कोणी केली ते आठवत नाही. पण त्या हसण्यात ह्यांच्या तोंडून सगळं निघालं, की ही उभ्या आयुष्यात समुद्रात गेली ती एकदा, लाँचमधून, तीही डोळे मिटून. मी तोंड लपवायला पदर शोधत होते, तो भिजून माझ्या मांडीखाली अडकला होता.

मॅडम म्हणाल्या, “मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. गादीवर पोटावर पडणारी बाई होडीतली नसते.”

“मग तुम्ही कशाला येत राहिलात?” मी विचारलं.

“मला उडी मारता येत होती गं. पलीकडून हाक मारणारं कोणी नव्हतं. तू इतक्या मोठ्याने ओरडायचीस.”

परतीला मी एका चपलेवर गाडीपर्यंत लंगडत गेले. लेकीने सगळ्या बिल्डिंगला इंग्रजीत ही गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये एक अनोळखी गृहस्थ माझ्या पायांकडे बघून गालात हसले.

जुलैत आम्ही पुण्याला गेलो आणि मॅडम त्यांच्या देशी. बोटीची तारीख मला पाठ होती. त्या दिवशी पुण्यात मी सकाळपासून कशावरून तरी चिडत होते. दुपारी आईला म्हटलं, वारा सुटलाय का गं? आई म्हणाली, तुला वाऱ्याचं काय करायचंय? मी पोळ्यांची कणीक मळायला घेतली. संध्याकाळी आई विचारायला लागली, एवढी कणीक कोणासाठी?

फोन करायचा तर तिकडचा नंबर माझ्याकडे नव्हता. हुशार बाई ना मी. साडी नेसवली, उडी शिकवली, नंबर घ्यायचा राहिला.

सप्टेंबरात परतलो. विमानतळावरून घरी आलो, बॅगा दारात होत्या, आणि बेल वाजली. मॅडम उभ्या होत्या. त्यांचं नाक आणि गाल सोलून निघाले होते, आणि ते इथल्या उन्हाने नव्हे.  बेटाचं विचारायची हिंमत होईना. मी चहाचं विचारलं, प्रवासाचं विचारलं, गुडघ्यांचं विचारलं. तेवढ्यात त्यांनी दारात बूट काढले, आत आल्या, हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या, आणि दोन्ही पायांनी धाडकन उडी मारली. शोकेसमधली बदकं थरथरली.

मग बसून सांगितलं. लाट मोठी होती, त्या दिवशी बोटवाला म्हातारीला उतरवायला तयार नव्हता. त्यांनी त्याला सांगितलं, तू फक्त ओरड. काय ओरडायचं ते शिकवलं. त्या स्कॉटिश माणसाने, बापड्याने, बोट वर येताच आपल्या परीने ‘मळ्यात’ असं काहीतरी ओरडून दाखवलं, आणि मॅडम खडकावर. गुडघे टेकले, हात खरचटले, पण खडकावर.

घराला छप्पर नव्हतं. चूल होती. आत मेंढ्या राहत होत्या आणि त्यांनी आईने पुसलेल्या कोपऱ्यांची दैना केली होती. मॅडमनी रुमाल काढून एक कोपरा पुसला. तेवढाच. मग बोटीवरच्या एका अनोळखी जर्मन बाईचे हात धरले आणि त्या बिनछपराच्या घरात फुगडी घातली. जर्मन बाईला फार आवडली. तिने पत्ता मागितला मंडळाचा.

मी रडत होते की हसत होते कोण जाणे. ह्यांनी चहा आणला, त्यात साखर घालायची विसरले, आणि आम्ही तो तसाच प्यायलो.

“एकच चुकलं,” मॅडम म्हणाल्या. “खडकावर पाय आपटले, एवढा मोठा आवाज झाला, आणि मी क्षणभर तशीच थांबले. आता खालून कोणीतरी झाडू ठोकेल म्हणून.”